कृष्णेकडून सावित्रीकडे



माझा व्यवसाय शाळामास्तराचा. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें, आणि वाई तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षें मुलांना वाचन, गणित व भूगोल शिकवून निवृत्त झालों. अशा मनुष्यानें मोटारसायकलीच्या प्रवासावर भाषण करावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. त्याचें कारण इतकेंच कीं, माझ्यापाशीं १९८८ सालची एक बुलेट आहे. ती अजून चालते, आणि मीहि ती अजून चालवितों. पंचावन्नी ओलांडलेल्या चालकास परवान्याचें नूतनीकरण दर पांच वर्षांनीं करावें लागतें व त्यासाठीं डॉक्टरचा दाखला आणावा लागतो. माझी ती पाळी पुढील वर्षीं आहे. आतां तो परवाना नवा करूंच नये, असा घरांतील तरुण मंडळींचा आग्रह आहे. आमच्या सौभाग्यवतींचें मत अद्यापि कळलेलें नाहीं. त्या मागल्या आसनावर बसतात आणि मत राखून ठेवतात.

यंदाच्या चैत्रांत आम्हीं दोघांनीं या गाडीवरून दोन दिवसांचा एक फेरा केला. वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी, महाबळेश्वर. तेथून आंबेनळीच्या घाटानें पोलादपूर व महाड. आणि दुसऱ्या दिवशीं वरंधा घाटानें भोर व मांढरदेववरून परत वाई. सारें अंतर सव्वादोनशें किलोमीटरांच्या आंतबाहेर असेल. हल्लींचीं तरुण माणसें तेवढें अंतर एका दमांत तोडतात. आम्हांस दोन दिवस लागले, कारण वाटेंत पाहण्यासारखें पुष्कळ होतें, आणि मुक्कामाचें एक कामहि होतें. तें काम घरगुती असलें तरी त्याचा या डोंगरांशींच संबंध असल्यामुळें त्याविषयीं पुढें सांगेन.

सकाळीं सहाच्या सुमारास निघालों. चैत्रांतल्या पहांटे वाईला कृष्णेच्या पात्रावरून येणारी गार झुळूक असते. ती आठ वाजेपर्यंत टिकते व पुढें ऊन तिला हुसकून लावतें. ढोल्या गणपतीच्या देवळाचें शिखर पाठीमागें टाकून गाडी पसरणीकडे वळली. हें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलें. देवळाची मागील बाजू माशाच्या आकाराची बांधलेली आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळून दोन्ही अंगांनीं वाहून जावें, अशी ती योजना. नदीच्या कांठीं बांधतांना नदीला विचारून बांधावें लागतें, हें त्या काळच्या गवंड्यांस ठाऊक होतें. घाटाच्या पायथ्याचें पसरणी हें शाहीर साबळे यांचें जन्मगांव. तेथून चढ सुरू होतो.

माझी गाडी जुन्या बांधणीची असल्यामुळें तिचा गिअर उजव्या पायाखालीं व मागला ब्रेक डाव्या पायाखालीं आहे. नवीन गाड्यांची रीत याच्या उलट. त्यामुळें ही गाडी कोणी तरुण मागावयास येत नाहीं, हा एक मोठाच फायदा आहे. मागें मनुष्य बसलें असतां घाट कसा चढावा, याचें शास्त्र सोपें आहे: वळण येण्यापूर्वींच गिअर उतरवावा, वळणांत ब्रेक लावूं नये, आणि मागें बसणाऱ्यानें वळणाच्या उलट अंगास झुकूं नये. आमच्या मागल्या आसनावरील व्यक्ति पस्तीस वर्षांच्या संवयीनें इतकी बेमालूम झुकते कीं, ती मागें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मला क्वचित् हांक मारावी लागते. दोघांच्याहि डोक्यावर शिरस्त्राण असतें. तें घातल्यानें केस विस्कटतात ही तक्रार खरी आहे, पण ती तक्रार करण्यास डोकें शाबूत असावें लागतें.

पसरणीच्या घाटांत अर्ध्यावर थांबून खालीं पाहिलें म्हणजे कृष्णेचें खोरें एखाद्या उठावदार नकाशासारखें दिसतें. एका बाजूस धोम धरणाचा जलाशय, मध्यें उसाचे हिरवे तुकडे, पलीकडे पांडवगड. चैत्रांत या उतारांवर हिरवा रंग फार थोडा. गवत वाळून पिवळें झालेलें, आणि जागोजाग वणव्यानें काळे पडलेले पट्टे. हे वणवे बहुतेक माणसांनीं लावलेले असतात. गवत जाळलें कीं पुढलें गवत जोमानें येतें, असा समज आहे. जळतात मात्र तीं नुकतीं उगवलेलीं रोपें, जमिनीवर अंडीं घालणाऱ्या पांखरांचीं घरटीं आणि मातीला धरून ठेवणारीं मुळें. या पिवळ्या-काळ्या उतारावर एखादाच पांगारा पानें झाडून लालभडक फुलांनिशीं उभा असतो, आणि त्यावर साळुंक्यांची व तांबटांची गर्दी उडालेली असते. काटेसावरीचीं फुलें तोंपर्यंत सरून बोंडें उकललेलीं असतात व त्यांतला कापूस वाऱ्यावर निघालेला असतो. तो उडत येऊन चष्म्यावर बसतो.

पांचगणीस चहा घेतला. रस्त्याच्या दुतर्फा असलेले उंच सिल्व्हर ओक पाहून तें गांव पुष्कळांस विलायती वाटतें. तीं झाडें खरोखरच परदेशचीं, ऑस्ट्रेलियांतून आणलेलीं. आमच्याकडचा वड त्यांच्यापेक्षां शतपट बरा असें माझें मत आहे. सुरूरपासून वाईपर्यंतच्या रस्त्यावर असे जुने वड ओळीनें होते. रस्तारुंदीच्या नांवाखालीं त्यांवर वेळोवेळीं कुऱ्हाड आली आणि उरलेल्यांसाठीं गांवचे लोक भांडत आले. उन्हाळ्यांत त्या सावलींतून जो एकदां गेला आहे, त्याला त्या भांडणाचें कारण विचारावें लागत नाहीं.

पांचगणी ते महाबळेश्वर या पट्ट्यांत दोन गोष्टी नवीन आहेत. एक स्ट्रॉबेरीचीं शेतें. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. लाल मातीच्या सऱ्या, त्यांवर प्लास्टिकचें आच्छादन आणि त्यांतून डोकावणारीं फळें, असें दृश्य चैत्रांत अजून दिसतें, जरी हंगाम ओसरत आलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे भिलार. या गांवीं ४ मे २०१७ पासून घरोघरीं, देवळांत, शाळेंत पुस्तकें मांडलीं आहेत, आणि कोणीहि जाऊन बसून वाचावें अशी सोय आहे. पुस्तकें पाहिलीं कीं मी लवकर उठत नाहीं, हें ठाऊक असल्यामुळें सौभाग्यवतींनीं त्या फांट्यावर, "अहो, आज नको," एवढेंच म्हटलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी भूगोलाच्या तासाला फळ्यावर अगणित वेळां आकृति काढली, ती या रस्त्यावर प्रत्यक्ष डोळ्यांनीं पहावयास मिळते. वाई ते महाबळेश्वर हें अंतर अवघें बत्तीस-तेहतीस किलोमीटरांचें. वाईला वर्षांत सरासरी सातआठशें मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरीं तो सहा हजारांच्या घरांत जातो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्यास अडून वर चढतात, वर गार होतात आणि तेथेंच रिते होतात. मागें येणाऱ्या वाईला जें उरेल तें. गाडीवरून जातांना हा फरक पांचदहा मिनिटांच्या अंतरानें जाणवत जातो. बाभूळ आणि बोर मागें पडतात, जांभूळ व हिरडा दिसूं लागतात, मग अंजनीचीं गर्द राई लागते. अंजनी हें झाड लहानखुरें, वेडेंवांकडें; परंतु चैत्रांत त्याच्या फांद्याफांद्यांवर जांभळ्या-निळ्या फुलांचे इतके दाट झुबके येतात कीं, खोडावर कोणी शाई सांडली असावी. मोटारींतून काचा लावून जाणाऱ्यास हीं फुलें बहुधा दिसत नाहींत, आणि त्यांच्याभोंवतीचा मधमाशांचा गुंजारव तर मुळींच ऐकूं येत नाहीं. जांभूळ, हिरडा, गेळ, अंजनी यांच्या फुलोऱ्यावरच येथील मध होतो. जवळचें मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. मोटारसायकलीवर बसलेल्या मनुष्यास मधाचा, ओल्या मातीचा, जळालेल्या गवताचा असा एकामागून एक वास भेटत जातो. या वाहनाच्या बाजूनें मला जर एकच गोष्ट सांगावयाची असेल तर ती हीच.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेंत आम्ही थांबलों नाहीं. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा मुलूख मिळवून तेथें हवा खाण्याचें ठिकाण वसविलें, तेव्हांपासून तेथें गर्दीच आहे. आम्ही सरळ क्षेत्र महाबळेश्वरीं, पंचगंगेच्या देवळांत गेलों. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांच्या धारा येथें एका कुंडांत येतात व गोमुखांतून बाहेर पडतात, अशी श्रद्धा. तेथें ओंजळीनें पाणी प्यालों. चैत्रांतहि तें इतकें थंड असतें कीं, दांत शिवशिवतात.

या नद्यांपैकीं कृष्णा, वेण्णा व कोयना पूर्वेस जातात. वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास. आणि कृष्णा सुमारें चौदाशें किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास जाते. येथून अरबी समुद्र सरळ रेषेंत पासष्ट-सत्तर किलोमीटरांवर, पण कृष्णेनें त्याच्याकडे पाठ फिरविली. सावित्री तेवढी पश्चिमेकडे उडी घेते आणि शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडींतून समुद्र गांठते. माझें घर कृष्णेकांठचें व सौभाग्यवतींचें माहेर सावित्रीच्या खोऱ्यांतलें. तेव्हां एकाच कुंडांतून निघून एकमेकींकडे पाठ करणाऱ्या या दोन बहिणींची हकीकत आमच्या घरीं नेहमींच विनोदाचा विषय होते. विनोद बहुधा माझ्या खर्चानें असतो.

क्षेत्राच्या पुढें कांहीं किलोमीटरांवर ऑर्थर सीट हा कडा आहे. मॅलेट नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कुटुंबांतील माणसें खालच्या सावित्रीच्या खाडींत बुडालीं आणि तो येथें येऊन त्या दिशेकडे पाहत बसे, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, येथें बसणाऱ्याला दुसरें कांहीं सुचणार नाहीं एवढें खरें. कडा तासल्यासारखा तुटलेला आहे. वाऱ्याचा झोत खालून इतका जोराचा येतो कीं, टाकलेलें वाळकें पान पुन्हां वर येतें. दरींत सावित्रीची घळ एखाद्या सुरकुतीसारखी दिसते व पुढें एकामागें एक अशा निळ्या डोंगरांत हरवते. सौभाग्यवतींनीं त्या निळसर धुरकटांत बोट दाखवून, "आमची वाडी त्या सोंडेच्या मागें," असें सांगितलें. मला सोंडाच सातआठ दिसत होत्या. मीं मान डोलविली.

दुपारीं उन्हाचा ताव कमी झाल्यावर आंबेनळीचा घाट धरला. महाबळेश्वरापासून पोलादपूर चाळीस किलोमीटर. तेवढ्या अंतरांत तेराशें मीटरांच्या आसपास खालीं उतरावें लागतें. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम येथें पाळावाच लागतो. नाहीं तर ब्रेकचे ड्रम तापतात आणि ऐन वेळीं हात दाखवितात. याच घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरींत कोसळली, आणि त्या बसमधून एकच मनुष्य जिवंत वर आला. त्या वळणावरून जातांना कोणाच्याहि बोलण्याला आपोआप खंड पडतो.

घाटाची डावी-उजवी बाजू म्हणजे जावळीचें जुनें अरण्य. प्रतापगडाचा बुरूज वळणावळणावर दिसतो व लपतो. हा किल्ला १६५६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें मोरोपंत पिंगळे यांनीं बांधविला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याच्या पायथ्याशीं अफझलखानाचा वध झाला, हें मीं आपणांस सांगण्याची गरज नाहीं. गरज आहे ती एका निराळ्या गोष्टीकडे पाहण्याची. जवळच पार या गांवीं कोयनेवर एक दगडी पूल आहे. शिवकालीन म्हणून तो ओळखला जातो. तासलेला काळा दगड, चुन्याचे सांधे, आणि पाण्याला तोंड देणारे निमुळते खांब. चैत्रांत कोयना त्याखालून गुडघाभर वाहते. म्हशी डुंबत असतात, मुलें पोहत असतात. पावसाळ्यांत तीच नदी पुलाला हादरे देते. तीन शतकांहून अधिक काळ तो ते हादरे सोशीत आला आहे.

पोलादपुराकडे उतरतांना हवा एकदम बदलते. वरची कोरडी थंडी जाऊन अंगाला घाम फुटतो, आणि रानाचा रंगहि पालटतो. या दिवसांत कुसुंबाच्या झाडाला नवी पालवी येते. ती हिरवी नसून तांबडीलाल असते, इतकी कीं, दुरून झाडाला आग लागली असें वाटावें. आम्हीं अशीं सातआठ झाडें एका उतारावर पाहिलीं. सूर्य मावळतीकडे झुकला होता आणि पानांतून प्रकाश आरपार येत होता. गाडी बंद केली. इंजिनाचा आवाज थांबल्यावर रानाचा आवाज कानीं येण्यास दोन-तीन मिनिटें लागतात. आधीं कोकीळ, मग दूर कोठें तरी कुऱ्हाडीचे ठोके, मग अगदीं जवळ फांदीवर शेकरूची चिडकी किलबिल. तांबूस-काळ्या रंगाची, हातभर शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, पण तिला त्याची कल्पना नसावी. आम्हांला पाहून तिनें अर्धवट खाल्लेलें फळ खालीं टाकलें व निघून गेली.

पोलादपूर ते महाड हा महामार्गाचा तुकडा. मोठ्या मालमोटारींच्या धुरांत तो उरकून टाकावा हें बरें. परंतु त्यावरच सावित्रीचा पूल लागतो. येथील १९२८ सालचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या, एक लहान मोटार व त्यांतील माणसें गेलीं. काळोख, मुसळधार पाऊस; पुढें पूल नाहीं हें मागच्या वाहनास कळणार कसें? शोध घेणाऱ्यांना पुराबरोबर नदींतील मगरींचीहि भीति होती. नवा पूल पुढल्या वर्षींच, २०१७ सालीं, उभा राहिला. म्हणजे मनांत आणलें तर कामें वेळेवर होतात. आम्हीं त्यावरून गेलों तेव्हां सावित्री इतकी शांत होती कीं, खडकांमधले डोह आरशासारखे दिसत होते. सौभाग्यवतींनीं नेहमींप्रमाणें पदरांतून एक नाणें काढून नदींत टाकलें. लहानपणीं एस. टी. च्या खिडकींतून त्या असेंच टाकीत.

महाडास चवदार तळ्यापाशीं पांच मिनिटें उभे राहिलों. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं सहस्रावधि अनुयायांसह येथें येऊन या तळ्याचें पाणी प्राशन केलें. पाणी सार्वजनिक आहे एवढी साधी गोष्ट न्यायालयांतून मान्य होण्यास पुढें दहा वर्षें लागलीं. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा आहे. नद्यांच्या पाण्याविषयीं भाषण करावयाचें आणि या पाण्याचा उल्लेख करावयाचा नाहीं, हें बरोबर दिसलें नसतें.

आतां मुक्कामाचें काम. सौभाग्यवतींचें माहेर वरंधा घाटाच्या पायथ्याच्या अंगाला एका वाडींत आहे. वाडीचें नांव सांगत नाहीं, कारण अशा वाड्या त्या खोऱ्यांत अनेक आहेत व सर्वांची कथा एकच आहे. २२ जुलै २०२१ रोजीं महाड बुडालें, आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये येथें डोंगराचा कडा वाडीवर घसरला. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. तेव्हांपासून या खोऱ्यांतील कित्येक वस्त्या धोक्याच्या म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. दर पावसाळ्यापूर्वीं घर सोडून जाण्याची सूचना येते. माझे मेव्हणे वयानें माझ्यापेक्षां मोठे, पंचाहत्तरीच्या पुढचे. ते सूचना वाचतात, घडी करून तुळईच्या फटींत ठेवतात, आणि तेथेंच राहतात. त्यांना यंदा तरी वाडींतून हलवावें, हें बोलण्यासाठीं त्यांची बहीण माझ्या मागें बसून घाट उतरली होती.

वाडी सांजवेळीं किती सुंदर दिसत होती, हें सांगितलें पाहिजे, कारण त्या सौंदर्याचाच सारा प्रश्न आहे. आंब्यांना कैऱ्या लटकलेल्या, काजूच्या झाडांखालीं लाल-पिवळ्या बोंडांचा आंबूस वास, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनीं भरलेल्या. शेतांत राब भाजण्याचें काम चाललें होतें. त्या निळ्या धुराची एक आडवी रेघ वाडीवरून गेली होती. आणि पाठीमागें, घरांच्या अगदीं पाठीला पाठ लावून, डोंगर.

जेवणानंतर अंगणांत बोलणें निघालें. बहीण म्हणाली, "दादा, पावसाचे चार महिने तरी वाईला या."

"आणि गुरें? लावणी?" त्यांनीं विचारलें. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. हा डोंगर काय आज आलाय इथं? आज्याच्या आज्यापासून आहे."

मीं म्हटलें, "डोंगर तोच आहे, पण पूर्वीं जो पाऊस आठवड्यांत पडे तो आतां एका दिवसांत पडतो. वरची झाडी उतरली आहे. काळ्या खडकावर मातीचा थर नुसता ठेवलेला आहे, भाकरीवर लोणी ठेवावें तसा. पाणी मध्यें शिरलें कीं तो थर सुटतो."

"नवीन घरांची जागा मीं पाहून आलों," ते म्हणाले. "दोन खोल्या आहेत. गोठ्याला जागा नाहीं. शेत तासाभराच्या वाटेवर. म्हातारपणीं मी काय तिथं बसून भिंत बघूं?"

हें उत्तर टाकाऊ नव्हतें. धोक्याची यादी करणारे लोक घरें मोजतात. घराबरोबर गोठा, उकिरडा, माडी, आंब्याचीं कलमें व शेजार असतो, तो कोणी मोजीत नाहीं. तरीहि बहिणीनें आपलें म्हणणें सोडलें नाहीं. ती फारसें बोलली नाहीं. "बाय, आतां झोप जा," असें दोनदां सांगूनहि ती अंगणांतून उठली नाहीं, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच मेव्हण्यांनीं मला वर चढून एक जागा दाखविली. शेवटल्या घरापासून शंभरेक पावलांवर, उताराला आडवी, गवतानें झांकलेली एक भेग आहे. २०२१ च्या पावसानंतर ती प्रथम दिसली. तिच्या खालच्या अंगाचे दोन ऐन किंचित् दरीकडे कलले आहेत. डोंगर सुटण्यापूर्वीं अशीं चिन्हें देतो: जमिनीला भेगा, कललेलीं झाडें व खांब, भिंतींना नव्या तडा, जेथें कधीं नव्हता तेथें फुटलेला झरा, किंवा नेहमींचा झरा एकदम गढूळ होणें अथवा आटणें. आम्हीं भेगेच्या दोन्ही बाजूंस ऐनाचे दोन खुंट खोल ठोकले, त्यांवर खिळे मारले आणि दोन खिळ्यांमधील अंतर टेपनें मोजून दाराच्या चौकटीवर खडूनें लिहिलें: एकशें बारा सेंटिमीटर. दर सोमवारीं नातीनें मोजावें व मला दूरध्वनीवरून कळवावें असें ठरलें. ती सातवींत आहे; तिनें लगेच वहीला रेघा आंखल्या. पाऊस मोजण्यासाठीं एक सरळ बाजूंचा डबाहि अंगणांत ठेवून दिला. चोवीस तासांत तो वीतभर भरला तर मोजमाप करीत बसूं नका, निघा, असें मीं तिला बजावलें आहे.

निघतेवेळीं मेव्हणे म्हणाले, "सून आणि पोरं मृगाआधीं तुमच्याकडे पाठवतों." स्वतःविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. बहिणीनें पायांवर डोकें ठेवलें आणि त्याच वांकलेल्या स्थितींत, "तुम्हीं पण," असें म्हटलें. त्यांनीं तें ऐकलें असावें, कारण ते गाईला पाणी दाखविण्यास गेले.

वरंधा घाट आंबेनळीहून अरुंद व अधिक रानवट आहे. पावसाळ्यांत दरडी कोसळून तो वरचेवर बंद ठेवावा लागतो, आणि कडेच्या भिंती ढासळलेल्या ठिकाणीं चाक रस्त्याच्या मध्याजवळ ठेवणेंच शहाणपणाचें. कावळ्या किल्ल्याची सोंड कापून रस्ता वर काढला आहे. वाघजाईच्या देवळापाशीं पोंचलों कीं कोंकणचा सारा पसारा खालीं उलगडतो. समर्थांनीं जेथें दासबोध रचला असें सांगतात ती शिवथरची घळ त्याच दरींत. कांदाभजीच्या टपऱ्या येथें आहेत. उन्हांत चढून आल्यावर भजीं खाऊं नयेत असें आरोग्यशास्त्र सांगतें. आम्हीं दोन बश्या घेतल्या. खालीं त्या वाडीची दिशा शोधतांना या वेळीं मला सोंड बरोबर सांपडली, कारण राब भाजल्याचा धूर अजून वर येत होता.

पुढें शिरगांवच्या परिसरांत नीरा उगम पावते व थोड्याच अंतरावर देवघरच्या धरणांत शिरते. चैत्रांत पाणी उतरलेलें असतें. कांठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि त्यावर कोणी कोणी घाईनें कलिंगडें लावलेलीं असतात. रस्ता कितीतरी वेळ त्या निळ्या पाण्याच्या कडेनें जातो. वळणें सौम्य, वाहनें तुरळक. या दोन दिवसांतला सर्वांत रम्य तुकडा मी यालाच म्हणेन. मागच्या आसनावरून बराच वेळ कांहींच आवाज आला नाहीं, म्हणून मीं हांक मारली.

"जागी आहें," उत्तर आलें. "पुढल्या वर्षीं परवाना काढून घ्या."

भोरास ऊंसाचा रस घेतला आणि मांढरदेवचा घाट ओलांडून चारच्या सुमारास घरीं आलों.

मृगाला आतां थोडेच दिवस राहिले आहेत. नातीचा दूरध्वनि दर सोमवारीं येतो. आजपर्यंत आकडा एकशें बाराच आहे. पण अजून पाऊस नाहीं, तेव्हां त्या आंकड्याला फारसा अर्थ नाहीं. आमची मागली खोली रिकामी करून ठेवली आहे. माळ्यावरचीं भांडीं निघालीं, दोन जुन्या खाटा विणून घेतल्या. मुलांच्या शाळेविषयीं येथील मुख्याध्यापकांशीं बोललों आहें. गाय येथें आणली तर तिला बांधण्यापुरती जागा परसांत निघेल, असें सौभाग्यवतींचें म्हणणें आहे, आणि गाय आली तर तिच्यामागून दादाहि येतील, असा त्यांचा हिशेब आहे. गाय घाटावर कशी आणावयाची, तें अजून ठरावयाचें आहे.